आठव्या बोर्डावर काकांनी क्वीन का सोडली

मागच्या गणपतीत नागपूरच्या महाल भागातल्या एका मंडळाच्या कॅरम स्पर्धेत मी स्कोअर लिहायला बसलो होतो. फायनल होती. एका बाजूला सक्करदऱ्याहून येणारे एक काका, साठीच्या पुढचे. दुसऱ्या बाजूला इंजिनिअरिंगला शिकणारा एक पोट्टा. दोघांनी एकेक गेम घेतलेला, आता तिसऱ्या गेमचा आठवा बोर्ड. मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. पाळी काकांची होती, क्वीन डावीकडच्या पॉकेटच्या रेषेत उघडी पडली होती आणि मागून पाच-सहा जण ओरडत होते, ‘क्वीन घ्या नं काका, क्वीन!’

काकांनी क्वीनकडे पाहिलंसुद्धा नाही. स्वतःची एक काळी गोटी त्यांनी हलकेच सरकवली. ती उजव्या पॉकेटच्या तोंडाशी जाऊन थांबली, आत गेली नाही. पाळी संपली. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी कपाळावर हात मारला, ‘गेला बाप्पा सामना!’

स्कोअर लिहिणाऱ्याने खेळ चालू असताना बोलायचं नसतं, म्हणून मी गप्प बसलो. पण काकांचा तो शॉट मी आजवर पाहिलेल्या सगळ्यात विचारी शॉटांपैकी एक होता, आणि तो मांडवातल्या दहा माणसांनाही कळला नाही याची मला आजही रुखरुख आहे. तो कळायला आधी थोडं गणित समजून घ्यावं लागतं. अवघड नाही, बेरीज-वजाबाकीच आहे.

आपल्या सगळ्यांचा कॅरम घरी सुरू होतो. उन्हाळ्याची सुट्टी, बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत कूलरची घरघर आणि बोर्डभोवती चौघं. तिथे काळी गोटी १० ची, पांढरी २० ची आणि क्वीन ५० ची. (पुण्या-मुंबईकडे सोंगटी म्हणतात, आमच्याकडे गोटीच.) या हिशेबात क्वीन म्हणजे घबाड, दिसली की घ्यायची. तीच सवय डोक्यात घेऊन लोक स्पर्धा बघायला येतात, आणि गडबड तिथेच होते.

स्पर्धेच्या खेळात गोटीच्या रंगाला किंमत नसते. नऊ पांढऱ्या एकाच्या, नऊ काळ्या दुसऱ्याच्या. जो ब्रेक करतो, म्हणजे पहिला शॉट मारतो, त्याच्या पांढऱ्या. एक डाव म्हणजे एक बोर्ड. ज्याच्या नऊ गोट्या आधी संपतात त्याने बोर्ड जिंकला, आणि समोरच्याच्या जेवढ्या गोट्या बोर्डवर उरल्या तेवढे पॉइंट त्याला मिळतात. हरणाऱ्याला शून्य. जिंकणाऱ्याने क्वीनही घेतलेली असेल तर आणखी ३. म्हणजे एका बोर्डात जास्तीत जास्त १२ पॉइंट. क्वीन बोर्डवर असताना स्वतःची शेवटची गोटी घालता येत नाही, घातली तर बोर्ड हातचा जातो. गेम जिंकायला दोन वाटा: जो आधी २५ ला पोचेल तो, किंवा ८ बोर्ड होऊनही कोणी पोचलं नाही तर जो पुढे असेल तो. आठव्या बोर्डानंतर बरोबरी झाली तर एक जादा बोर्ड. तीनपैकी दोन गेम घेईल त्याचा सामना. १९८८ मध्ये चेन्नईत आंतरराष्ट्रीय कॅरम फेडरेशन स्थापन झालं, त्याचे नियम हेच. आमच्याकडच्या मंडळांच्या स्पर्धाही आता बहुतेक याच नियमांनी खेळतात.

यात एक बारकी गोष्ट आहे, आणि अटीतटीच्या सामन्याची चावी तीच आहे. क्वीन हरणाऱ्याने घेतलेली असेल तर तिचे ३ पॉइंट कोणालाच मिळत नाहीत. ते हरणाऱ्याला नाहीत, कारण तो हरला. जिंकणाऱ्यालाही नाहीत, कारण क्वीन त्याच्याकडे नाही. म्हणजे क्वीनचे उपयोग दोन: स्वतःला ३ मिळवून देणं आणि समोरच्याचे ३ बुडवणं. घरच्या खेळात आपण फक्त पहिला उपयोग शिकतो.

आता त्या दिवशीचा माझ्या पानावरचा स्कोअर सांगतो. सात बोर्ड झाल्यावर काका २०, पोट्टा १५. ब्रेक पोट्ट्याचा, कारण ब्रेक आळीपाळीने फिरतो आणि गेमचा पहिला ब्रेक काकांनी केला होता. पाच पॉइंटांचा फरक, एकच बोर्ड शिल्लक.

पोट्ट्याला काय लागत होतं? बोर्ड जिंकायचा, आणि तोही निदान ६ पॉइंटांनी. पाचांनी जिंकला तर बरोबरी, चारांनी जिंकला तर बोर्ड त्याचा पण गेम काकांचा. म्हणून त्याला काकांच्या गोट्या संपायच्या आत, लवकर संपवायचं होतं. क्वीन घेऊन संपवलं तर काकांच्या ३ गोट्या उरलेल्या असणं पुरे होतं. क्वीनशिवाय ६ उरायला हव्या होत्या.

आणि काकांना काय लागत होतं? इथे प्रेक्षकांचं चुकलं. काकांना तो बोर्ड जिंकायची गरजच नव्हती. त्यांना फक्त एवढं करायचं होतं की पोट्ट्याने बोर्ड जिंकलाच तर त्याच्या पदरात चारपेक्षा जास्त पडू नये. क्वीन न घेता हे साधायचं तर काकांना नऊपैकी ८ गोट्या घालाव्या लागल्या असत्या, कारण एकच गोटी उरली तरी पोट्ट्याला १ अधिक क्वीनचे ३ असे ४ मिळतात. पण क्वीन घेऊन कव्हर केली, म्हणजे लगेच स्वतःची एक गोटी घालून पक्की केली, तर एकूण ५ गोट्या घातल्या की काम झालं. चार उरतात, पोट्ट्याला फार तर ४. म्हणजे त्या बोर्डवर काकांसाठी क्वीनची किंमत होती ३ गोट्या. पॉइंट मिळवण्यासाठी नाही, गेम वाचवण्यासाठी. हे आकडे मनात मांडायला काकांना क्षणभरही लागला नसेल. चाळीस वर्षं खेळलेल्या माणसाला स्कोअर दिसतो तसाच तो बोर्डवरही दिसतो.

मग प्रेक्षक बरोबरच म्हणत होते की, क्वीन घ्या! तर नाही. कारण क्वीन घेणं आणि क्वीन आपली होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्वीन पॉकेटात गेली की लगेच पुढच्या शॉटला स्वतःची एक गोटी घालून ती कव्हर करावी लागते. कव्हर चुकलं तर क्वीन परत बोर्डच्या मधोमध येते आणि पाळी समोरच्याकडे जाते. काकांच्या चार काळ्या घालून झाल्या होत्या, पाच उरल्या होत्या. त्यांतल्या दोन त्यांच्याच बेस लाइनच्या मागे, फ्रेमला चिकटलेल्या. तिथली गोटी काढायला अंगठ्याने उलटा किंवा रिबाउंडने शॉट मारावा लागतो. उरलेल्या तीन मधल्या झुंबडीत. क्वीन सोपी होती, पण एकही कव्हर सोपं नव्हतं. क्वीन घालून कव्हर चुकलं असतं, तर पोट्ट्याला मधोमध मोकळी मांडलेली क्वीन मिळाली असती आणि काकांच्या पाचही गोट्या बोर्डवर. त्याने तिथून संपवलं असतं तर ५ अधिक ३, म्हणजे ८. स्कोअर २३-२० आणि चषक पोट्ट्याकडे.

म्हणून काकांनी आधी कव्हर तयार केलं. काळी गोटी पॉकेटच्या तोंडाशी बसवून ठेवली. तिथली गोटी घालायला नेम लागत नाही, स्ट्रायकर नुसता टेकवायचा. शिवाय त्या गोटीने दुसरंही काम केलं. उजवं पॉकेट पोट्ट्यासाठी बंद झालं. त्याला तिथे पांढरी घालायची तर आधी ती काळी हलवायची, म्हणजे एक पाळी खर्ची. ती चुकून आत घातली तर काकांचंच काम हलकं, वर पाळीही जाणार. एका शॉटमध्ये एक दार स्वतःसाठी उघडलं आणि तेच समोरच्यासाठी लावलं. मांडवातून ‘अरेरे’ आला तो या शॉटला.

क्वीनचा आणखी एक नियम इथेच सांगतो. या सामन्यात तो आला नाही, पण २०च्या पुढे गेलेल्या प्रत्येक गेममध्ये तो डोक्यात ठेवावा लागतो. क्वीनचे ३ पॉइंट तुमचा स्कोअर २१ असेपर्यंतच मिळतात. २२ झाले की क्वीन घेतलीत तरी तिचे पॉइंट नाहीत. परिणाम बघा. २१ वर असलेल्या खेळाडूने क्वीन घेऊन बोर्ड जिंकला आणि समोरच्याची एकच गोटी उरली, तरी १ अधिक ३ म्हणजे २५, गेम खलास. २२ वर असलेल्याला मात्र समोरच्याच्या ३ गोट्या उरायला हव्यात. म्हणजे कागदावर एक पॉइंट पुढे असलेला माणूस प्रत्यक्षात २५ पासून जास्त लांब असू शकतो. म्हणून कोणी मुद्दाम एक पॉइंट सोडावा असं मी म्हणणार नाही, हातचा पॉइंट सोडून कोणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. पण २२ वर गेलेला खेळाडू क्वीन घ्यायला धडपडताना दिसला तर तो नियम विसरलाय असं समजू नका. समोरचा २१ किंवा त्याखाली असेल तर तो त्याचे ३ बुडवतोय.

आता ड्यूबद्दल, कारण अटीतटीचे सामने नेम चुकून जितके हरले जातात तितकेच ड्यूने हरले जातात. स्ट्रायकर पॉकेटात गेला की तुम्ही घातलेली एक गोटी पुन्हा बोर्डवर येते. स्ट्रायकर पॉकेटात का जातो, याचं उत्तर वजनात आहे. नियमाप्रमाणे गोटी ५ ते साडेपाच ग्रॅमची आणि स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ तिप्पट जड. बिलियर्ड्समध्ये चेंडू सारख्या वजनाचे असतात, त्यामुळे फिरकी न देता नीट समोरासमोर टक्कर झाली तर मारलेला चेंडू जवळपास जागीच थांबतो. स्ट्रायकर तसा थांबत नाही. सरळ टक्कर झाल्यावरही त्याचा साधारण अर्धा वेग त्याच्याकडेच राहतो, आणि गोटी स्ट्रायकरच्या मूळ वेगाच्या दीडपट वेगाने सुटते. गोटी पुढे, स्ट्रायकर तिच्या मागोमाग. पॉकेट समोर, गोटी सरळ रेषेत, अंतर कमी आणि हात जोरात, की दोघंही आत. सगळ्यात सोपा दिसणारा शॉट म्हणूनच सगळ्यात घातकी.

कापून मारलं, म्हणजे स्ट्रायकर गोटीच्या कडेला लावला, तरी वजनाच्या फरकामुळे स्ट्रायकर आपल्या वाटेवरून फार तर वीस-एकवीस अंशांनीच वळतो. एकदा हे कळलं की खेळ बराच स्वच्छ दिसायला लागतो. गोटी कुठे जाईल हे सगळेच बघतात. चांगला खेळाडू स्ट्रायकरच्या पुढच्या वाटेवर पॉकेट आहे का ते आधी बघतो. मी नव्या मुलांना हेच सांगतो की शॉट मारण्याआधी स्ट्रायकरपासून पुढे एक रेघ मनात ओढा आणि ती कुठे संपते ते बघा. महिनाभर हे केलं तर ड्यू निम्मे होतात, मी स्वतः अनुभवलंय.

जोराचा प्रश्न बोर्डवरही अवलंबून असतो, आणि नागपुरात बोर्ड ऋतूप्रमाणे बदलतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत बोरिक पावडर पसरली की बोर्ड काचेसारखा पळतो. त्याच खोलीत कूलर लावा, तासाभरात तोच बोर्ड जड होतो, कारण कूलर हवेत ओल सोडतो आणि पावडरचे गठ्ठे धरतात. पोळा-गणपतीच्या दिवसांत तर मांडवातली हवाच दमट. प्लाय ओल धरतो, गोटी चार बोटं अलीकडेच थांबते. म्हणून सामन्याआधीच्या ट्रायल बोर्डांत नेम तपासत बसू नये, नेम तुमच्याजवळ आहेच. तिथे बोर्डचा वेग तपासायचा. फ्रेमला लागून स्ट्रायकर किती परत येतो आणि हलक्या बोटाने ढकललेली गोटी किती घसरते, या दोन गोष्टी. काकांनी ट्रायलमध्ये एकही गोटी पॉकेटात घातली नव्हती. ते नुसत्या गोट्या सरकवत होते. तोंडाशी थांबणारी ती काळी त्यांनी तेव्हाच मोजून ठेवली होती, असं मला वाटतं.

हाताबद्दलही थोडं. शॉटला १५ सेकंद मिळतात. ऐकायला भरपूर, पण आठव्या बोर्डावर ते भुर्रकन संपतात. ताण आला की माणूस नकळत बोट घट्ट धरतो, खांदा वर जातो आणि स्ट्रायकर ठरवल्यापेक्षा जोरात सुटतो. त्यामुळे ताणात पहिले बिघडतात ते हलके शॉट. जोराचे तितके बिघडत नाहीत. पोट्टा प्रत्येक शॉटआधी पॅंटला तळवा पुसत होता. काका पाळी नसताना दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवून बसत. हात सैल ठेवायचा हा त्यांचा रिवाज मी इतर जुन्या खेळाडूंतही पाहिला आहे. विदर्भात असे खूप हात आहेत. राष्ट्रीय स्पर्धांत क्रिकेटसारखाच कॅरममध्येही विदर्भाचा संघ महाराष्ट्रापासून वेगळा उतरतो, हे आपल्या शहरातल्या पुष्कळ लोकांना ठाऊकही नसतं. १९९१ आणि १९९५ चे विश्वविजेते आणि अर्जुन पुरस्कार मिळवलेले चेन्नईचे ए. मारिया इरुदयम यांचं नाव मात्र मांडवातल्या जुन्या माणसांना अजून पाठ आहे, आणि याचा मला आनंद वाटतो.

तर परत त्या बोर्डकडे. काकांनी काळी तोंडाशी बसवली तेव्हा पोट्ट्याच्या सहा पांढऱ्या उरल्या होत्या. त्याने दोन घातल्या, सुरेख घातल्या. मग क्वीनकडे वळला. त्याच्यापुढे दुसरा मार्गही नव्हता. काकांच्या पाच गोट्या बोर्डवर, क्वीनशिवाय संपवलं असतं तरी बरोबरीच. (आणि क्वीन बोर्डवर ठेवून त्याला संपवताही येत नव्हतं.) क्वीन आत गेली. मांडव उसळला. आता कव्हर. त्याची सगळ्यात जवळची पांढरी उजव्या पॉकेटच्या रेषेत होती, आणि तिथे ती काळी बसलेली. पंधरा सेकंदांतले दहा त्याने त्या काळीकडे बघण्यात घालवले, हे मी पाहिलं. शेवटी लांबच्या डाव्या पॉकेटात कापून मारायला गेला. गोटी फ्रेमला लागून परत आली. पंचांनी क्वीन उचलून मधोमध ठेवली.

काकांनी क्वीन डावीकडे घातली. मग उजवीकडे वळून स्ट्रायकर त्या काळीला नुसता टेकवला. कव्हर. चार काळ्या उरल्या. पोट्ट्याला आता बोर्डातून चारपेक्षा जास्त मिळणं शक्यच नव्हतं. एकच अपवाद: काकांचा ड्यू. स्ट्रायकर पॉकेटात गेला असता तर एक काळी वर आली असती, पाच झाल्या असत्या आणि बरोबरीचा दरवाजा उघडला असता. पाळी अजून काकांचीच होती. एक काळी मधे मोकळी झाली होती, सरळ, पॉकेटपासून वीतभर. काकांनी ती सोडली. स्ट्रायकर समोरच्या फ्रेमच्या अगदी मध्यावर मारला, दोन्ही पॉकेटांपासून लांब, कुठल्याही गोटीला न डिवचता. पुन्हा कोणीतरी ओरडलं, ‘काहून सोडली जी?’

पोट्ट्याने उरलेल्या चारही पांढऱ्या एका पाळीत साफ केल्या. शेवटची तर दुहेरी रिबाउंडने, असा शॉट वर्षाकाठी एखादा दिसतो. अर्धा मांडव त्याच्या नावाने टाळ्या वाजवत उभा राहिला. त्याने मात्र टाळ्यांकडे न बघता आधी काकांपुढे हात केला, मग वाकून पायाला लावला.

शेजारचे गृहस्थ मला ढोसत विचारत होते, ‘जिंकला नं पोट्टा?’ मी १५च्या खाली ४ लिहिले, बेरीज केली आणि पान त्यांच्याकडे फिरवलं. १९-२०.